बाणाला शंभर ज्यूल पुरतात, मग गोळीला का नाही?

अमेरिकेत नोव्हेंबर म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा मोसम. बहुतेकांच्या खांद्यावर रायफल असते. काही हौशी मात्र मुद्दाम रिव्हॉल्व्हर घेऊन रानात शिरतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं हा शौक बंदच केला, त्यामुळे आपल्या वाट्याला उरतं ते यातलं भौतिकशास्त्र. तेही काही कमी रंजक नाही.

काडतूस निवडताना नवखा माणूस आधी ऊर्जेचा आकडा बघतो. .३०-०६ रायफलची पावणेबारा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगानं निघते, म्हणजे ३,९०० ज्यूल. १९५०च्या दशकात आलेल्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची गोळी साडेपंधरा ग्रॅमची, वेग ४०० मीटर, ऊर्जा साधारण १,२५० ज्यूल. ९ मिमी पिस्तूल पाचशेच्या आसपास. आणि धनुष्यातून सुटलेला बाण? जेमतेम शंभर. तरीही बाणानं हरीण मरतं, कारण त्याची पाती फुप्फुसं आरपार कापत जातात आणि रक्तस्राव होतो. म्हणजे नुसत्या ज्यूलवर काही ठरत नाही.

रायफलची गोष्ट वेगळी. तिची गोळी इतकी वेगात असते की ऊती बाजूला फेकल्या जाऊन क्षणभर मोठी पोकळी तयार होते आणि त्या ताणानंच त्या फाटतात. पिस्तुलाच्या वेगाला हे सहसा जमत नाही. स्नायू आणि फुप्फुसं रबरासारखी ताणली जातात आणि परत जागेवर येतात. मागे उरतं ते गोळीनं पाडलेलं भोक, बाकी फारसं काही नाही.

मग भोक मोठं करावं. ‘हॉलो पॉइंट’ गोळीच्या नाकात खळगा असतो. त्यात ओली ऊती दाबानं घुसते आणि गोळी फुलासारखी उमलते. व्यास दीडपट झाला की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. पण ब्रेकही तेवढाच जोरात लागतो! स्वसंरक्षणाची ९ मिमी गोळी हरणाच्या खांद्याच्या हाडावर उमलून तिथंच अडकू शकते. म्हणून जाणते शिकारी शिशावर तांब्याचं जाड आवरण असलेली, सावकाश उमलणारी गोळी घेतात, नाहीतर अँटिमनी मिसळून कडक केलेल्या शिशाची, चपट्या नाकाची. ही दुसरी उमलत नाही, पण चपटं नाक ऊती चिरडत आरपार जातं. दोन्हीकडून रक्त सांडलं की माग काढणं सोपं. मला हाच पर्याय जास्त पटतो.

उमलणाऱ्या गोळीचं एक नाव आपल्या मातीतलं आहे: दमदम. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९०च्या दशकात तशी गोळी बनली आणि १८९९च्या हेग जाहीरनाम्यानं युद्धात ती निषिद्ध ठरवली. शिकारीत नेमकं उलटं: न उमलणारी, संपूर्ण आवरणाची लष्करी गोळी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी चालत नाही. टोकदार नाकाची ती गोळी बारीक भोक पाडून निघून जाते आणि हरीण जखमी होऊन कुठंतरी दूर, तासन् तास तडफडत मरतं.

अंतराचा हिशेब मात्र काडतुसांच्या खोक्यावरच्या मोठ्या आकड्यात दिसत नाही. शंभर मीटरवर .४४ची गोळी ४०० वरून सव्वातीनशेच्या आसपास मंदावते. खळग्यातला दाब वेगाच्या वर्गानं बदलतो, म्हणजे तो एक तृतीयांशानं घटतो. पंचवीस मीटरवर छान उमललेली गोळी तिथं मिटलेलीच राहू शकते.