ज्युरीलाही प्रश्न विचारता येत होते
नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या, ज्युरीपुढे चाललेल्या गाजलेल्या खून खटल्याचा विषय निघाला की एक समज हमखास कानावर येतो: ज्युरीने, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, फक्त ऐकायचं, साक्षीदाराला काही विचारायचं नाही. हे खरं नाही. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम १६६ त्यासाठीच होतं. ज्युरर, म्हणजे ज्युरीचे सदस्य, न्यायाधीशांमार्फत किंवा त्यांच्या परवानगीने प्रश्न विचारू शकत. मात्र तो प्रश्न न्यायाधीशांनी स्वतः विचारण्याजोगा आणि त्यांना योग्य वाटणारा हवा. १९५९ साली मुंबईत तो खटला चालला, तेव्हाही हे कलम लागू होतं. शंका मनात दाबून कुणाच्या आयुष्याचा फैसला करण्यापेक्षा ती विचारलेली केव्हाही बरी. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाने १९९५पासून ज्युररना लेखी प्रश्नांची मुभा दिली. आपल्याकडे ज्युरी गेल्यानंतरही कलम १६६ कागदावर राहिलंच. जुलै २०२४मध्ये पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तेव्हा ते गेलं.