स्क्रीनवरचा कीबोर्ड आणि एका बोटाचं गणित

विंडोज, कंट्रोल आणि ओ या तीन कळा एकदम दाबल्या की विंडोजच्या स्क्रीनवर एक कीबोर्ड उघडतो. ज्यांना तीन कळा एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठीच तो मुख्यतः आहे, हा विनोद कुणी जाणूनबुजून केलेला नसावा. (सेटिंगमधूनही उघडता येतो म्हणा.) इनपुटची भाषा मराठी असेल तर कळांवर देवनागरी अक्षरं दिसतात, माउसने एकेक टिचकी मारत लिहिता येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं की काम! पण काचेवर दिसणारी ही मांडणी म्हणजे टेबलावरच्या कीबोर्डची जशीच्या तशी नक्कल आहे, दहा बोटांसाठी बसवलेली. ज्याचं एकच बोट चालतं, किंवा बोटही नाही, नुसता गाल नाहीतर भुवई हलते, तो प्रत्येक अक्षरामागे त्या मांडणीची किंमत वेळेत मोजतो. ही नक्कल कुठून आली आणि ती बदलायची सोय कशी होत गेली, त्याचा हा मागोवा. बडोद्यात बसून लिहितोय, त्यामुळे दोन लिप्यांचा प्रश्नही ओघाने येणारच.

इंग्रजी मांडणीची कथा बहुतेकांना ठाऊक असते. ख्रिस्तोफर शोल्स आणि त्यांच्या साथीदारांनी 1868 मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं, 1874 पासून रेमिंग्टनने यंत्र बाजारात आणलं, आणि पुढे सगळं जग त्याच क्रमाने टाइप करायला शिकलं. 1936 मध्ये ऑगस्ट ड्वोरॅकने दुसऱ्या मांडणीचं पेटंट घेतलं. ती फारशी चालली नाही, पण तिच्याच दोन भावंडांकडे आपलं लक्ष जायला हवं: एक फक्त डाव्या हाताने टाइप करणाऱ्यांसाठी, दुसरी फक्त उजव्या हाताने. त्या दोन्ही विंडोजमध्ये आजही आहेत. माणसाने यंत्राला जुळवून घ्यायचं की यंत्राने माणसाला, हा प्रश्न कळांच्या क्रमात उतरला तो तिथे.

हात अजिबातच चालत नसतील तर काय, याचं उत्तर हॉस्पिटलमधून आलं. इंग्लंडमधलं स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटल मणक्याच्या दुखापतींवरच्या उपचारांसाठी नावाजलेलं. तिथल्या रुग्णांसाठी रेग मेलिंग यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पॉसम नावाचं यंत्र बनवलं. तोंडात धरलेल्या नळीतून फुंकायचं किंवा ओढायचं. फलकावर दिवे क्रमाने सरकत जातात, हव्या त्या दिव्यापाशी थांबवायचं. त्यातून घंटी वाजवता यायची, दिवा लावता यायचा, आणि टाइपरायटरही चालवता यायचा. आज आपण ज्याला स्कॅनिंग म्हणतो त्याचं मूळ याच सरकत्या दिव्यांत आहे. कीबोर्ड बोटाकडे येत नाही, बोट कीबोर्डकडे जात नाही; निवड आपोआप फिरत राहते आणि माणूस फक्त 'थांब' म्हणतो.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. विस्कॉन्सिन विद्यापीठात 1971 मध्ये ग्रेग व्हँडरहायडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलासाठी संवादाचं साधन बनवायला घेतलं, त्यातून ट्रेस सेंटर उभं राहिलं. शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी दाबलेलीच समजणारी स्टिकी कीज, किंवा थरथरत्या बोटाने चुकून दोनदा लागलेली कळ एकदाच मोजणारी सोय, अशा गोष्टींवर तिथे काम झालं आणि विंडोज 95 पासून त्या घरोघर पोचल्या. आपल्यापैकी अनेकांना स्टिकी कीज माहीत आहे ती गेम खेळताना शिफ्ट पाच वेळा दाबली गेली की मधेच टपकणारी खिडकी म्हणून.

या सगळ्याचा जगाला दिसलेला चेहरा म्हणजे स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराशी झगडणारे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग. 1985 मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज गेला. सुरुवातीला कुणीतरी अक्षरांचं कार्ड समोर धरायचं आणि ते भुवई उंचावून अक्षर निवडायचे. मग वर्ड्स प्लस कंपनीच्या वॉल्ट वॉल्टोश यांचा इक्वलायझर हा प्रोग्राम त्यांना मिळाला. हातातलं एक बटण दाबून शब्द निवडायचे, मिनिटाला 15 शब्दांपर्यंत वेग जायचा. हातही थकला तेव्हा चष्म्याला लावलेला सेन्सर गालाची हालचाल टिपू लागला. शेवटची प्रणाली इंटेलने बनवली आणि 2015 मध्ये सर्वांसाठी खुली केली. हॉकिंगांचा प्रत्येक नवा टप्पा त्यांच्या त्या वेळच्या शरीराप्रमाणे नव्याने बसवावा लागला, हे मात्र कौतुकाच्या भरात बाजूला पडतं.

आपल्यासारख्यांच्या कॉम्प्युटरवर स्क्रीनवरचा कीबोर्ड आला तो विंडोज 2000 पासून. टिचकी मारा, नुसता बाण कळेवर धरून ठेवा, किंवा स्कॅन करा, असे तीन मार्ग त्यात आहेत. विंडोज 7 मध्ये तो लहानमोठा करता येऊ लागला आणि पुढचा शब्द सुचवायची सोय आली. ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशसाठी. मराठी त्यात नव्हती.

मराठीची मांडणी मात्र परक्यांनी लादलेली नाही, घरचीच आहे. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्रज्ञान विकसित केलं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत वाढलं. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये सर्व भारतीय लिप्यांसाठी एक कीबोर्ड ठरवला आणि 1991 मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या मानकात तो आला. हाच इनस्क्रिप्ट. कल्पना फार सुंदर आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आपल्या भाषांत व्यंजन-मात्रा, व्यंजन-मात्रा अशीच अक्षरं येतात, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात आणि वेग येतो. क आणि ख एकाच कळेवर, ख साठी शिफ्ट. प-फ, त-थ, च-छ तसंच.

आता हीच मांडणी एका बोटाने वापरून बघा. 'बडोदा' लिहायचंय. ड जवळजवळ उजव्या टोकाला, त्याची ओकाराची मात्रा थेट डाव्या टोकाला. म्हणजे 'डो' साठी बोट अख्खा कीबोर्ड ओलांडतं, आणि लगेच द साठी परत फिरतं. ज्या गुणामुळे दोन हातांना वेग येतो, तोच गुण एका बोटाची दमछाक करतो.

स्कॅनिंगने लिहिणाऱ्याचा हिशेब आणखी रोखठोक आहे. आधी ओळी एकेक करून उजळतात, हवी ती ओळ आली की स्विच दाबायचा. मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून उजळतात, हवं ते आलं की पुन्हा दाबायचा. फक्त अक्षरांच्या कळा मोजल्या आणि आकड्यांची ओळ पहिली धरली, तर इनस्क्रिप्टमध्ये ब दुसऱ्या ओळीत सहावा, म्हणजे ओळीची 2 आणि अक्षराची 6 मिळून 8 पावलं. ड 13. ओकाराची मात्रा 4. द 11. काना 5. एकूण 41. पाऊल सेकंदाचं असेल तर एकही चूक न करता गावाचं नाव लिहायला 41 सेकंद. चुकलं तर पुसायची कळ गाठायला पुन्हा तीच फेरी.

मांडणी बदलली तर? मराठीत काना, र, त, क सतत लागतात, ढ आणि छ क्वचित. कागदावर मी एक फळा, म्हणजे अक्षरांच्या घरांचा तक्ता, मांडून पाहिला: काना पहिल्या ओळीत पहिला, ओकाराची मात्रा त्याच ओळीत पाचवी, द तिसऱ्या ओळीत तिसरा, ब आणि ड चौथ्या ओळीत दुसरा-तिसरा. 'बडोदा' 27 पावलांत होतं. यंत्र तेच, स्विच तोच, माणूस तोच. नुसत्या घरांची अदलाबदल केली आणि एक तृतीयांश वेळ वाचला. याहून चांगली मांडणी कुणीही करू शकेल, मी काही त्यातला तज्ज्ञ नाही.

बडोद्याच्या मराठी माणसाला इथे एक फायदा आहे. इनस्क्रिप्टमध्ये लिपी बदलली तरी जागा बदलत नाही. ज्या कळेवर मराठीचा क आहे तिच्यावरच गुजरातीचा क, ळ च्या जागी गुजरातीचा ळ. सयाजीराव महाराजांच्या दरबाराने 1931 मध्ये कारभारातल्या शब्दांचा श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू छापला, त्यात मराठी, गुजराती आणि इतर भाषा शेजारीशेजारी बसवल्या होत्या. दोन भाषांत रोज ये-जा करणाऱ्या या गावाला इनस्क्रिप्टमागचा विचार परका वाटायचं कारण नाही. एकदा बोटाला जागा कळली की दोन्हीकडे चालतं. तेव्हा स्वतःची मांडणी करायला बसलात तर दोन्ही लिप्यांचे फळे एकत्रच आखा, नाहीतर हा फायदा हातचा घालवाल.

अर्थात तंतोतंत जमत नाही. छ मराठीत कोपऱ्यात टाकला तरी चालतो, पण गुजरातीत दर दुसरं वाक्य 'छे' वर संपतं. माझ्या ओळखीच्या दांडिया बाजारातल्या एका घरात यावर तोडगा निघाला तो असा. अर्धांगवायूनंतर सासऱ्यांची वाचा गेली, डाव्या हाताची तर्जनी तेवढी चालते. सुनेने टॅब्लेटवर दोन फळे केले, एक घरच्यांसाठी मराठी, एक दिवसभर मदतीला असणाऱ्या बेनसाठी गुजराती. मराठी फळ्यावर ज्या घरात 'आहे', गुजराती फळ्यावर त्याच घरात 'छे', अख्खा शब्द एका कळेत. 'कूस बदला' च्या जागी तिकडे 'पडखुं फेरवो'. एकदा तिने विचारलं, "बाबा, 'पाणी' वरच्या ओळीत घेऊ का?" त्यांनी मान हलवून नकार दिला आणि 'चष्मा' वर बोट ठेवलं. पाणी तर खुणेनेही मागता येतं. हे कुठल्याही तयार ॲपला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

शब्द सुचवणाऱ्या सोयीबद्दलही माझं मत थोडं वेगळं आहे. इंग्रजीत अख्खा शब्द सुचवणं बरंचसं पुरतं. मराठीत घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरासमोरच्या अशी एकाच शब्दाची वरात निघते, आणि यादीत नेमकं हवं ते रूप सापडत नाही. त्यापेक्षा ला, ने, त, चा-ची-चे, साठी, मध्ये, ऊन अशा प्रत्ययांच्या तयार कळा जास्त कामाच्या. त्र, ज्ञ, क्ष, श्र ही जोडाक्षरं इनस्क्रिप्टने आकड्यांच्या ओळीत शिफ्टवर ठेवलीच आहेत. प्रत्यय त्याच वाटेने पुढे जातात. मराठीला लागणारं ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक मानकात, 2008 मध्ये आलं, 1991 च्या मांडणीत त्याला जागा असणं शक्यच नव्हतं. तेही आठवणीने घालावं.

साधनं आज पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआउट क्रिएटर फुकट मिळतं. त्यात कळांवरची अक्षरं बदलून मांडणी बसवली की स्क्रीनवरचा कीबोर्ड तीच दाखवतो. मात्र कळांचे आकार आणि ओळी त्यात हलत नाहीत. एसआयएल संस्थेच्या कीमॅनमध्ये फोनसाठी अगदी कळेच्या रुंदीपासून फळा आखता येतो. लिनक्सवर ऑनबोर्ड आहे, त्यात स्कॅनिंगही आहे आणि ठरावीक वाक्यांच्या कळाही. मॅकवर 2017 पासून ॲक्सेसिबिलिटी कीबोर्ड आणि त्याचे फळे बनवायचा एडिटर आला. डोळ्यांनी टाइप करायला ऑप्टिकी आहे. केंब्रिजच्या डेव्हिड मॅके यांच्या डॅशरने तर कळाच रद्द केल्या, अक्षरांच्या वाहत्या प्रवाहात नुसतं दिशा देत जायचं.

मुंबई आयआयटीच्या स्वरचक्रचा उल्लेख इथे वेगळा करायला हवा, कारण देवनागरीचा विचार करून टचस्क्रीनसाठी केलेलं ते काम आहे. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती मात्रांचं चक्र उघडतं, बोट हव्या त्या मात्रेकडे सरकवायचं. सर्वसाधारण माणसाला अतिशय सोयीचं. पण ज्याचं बोट काचेवर टेकवून सरकवताना थरथरतं त्याला सुटं टिपणंच सोपं जातं. अशा वेळी जागेपेक्षा वेळेची सेटिंग आधी बघावी: कळ किती क्षण धरली की मोजायची, लगेचचा दुसरा स्पर्श किती काळ सोडून द्यायचा. काही घरांत स्क्रीनवर भोकं पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी बसवतात, बोट भोकातूनच कळेवर पडतं. स्वस्त आणि भरवशाचं. फक्त मग मांडणी वरचेवर बदलता येत नाही.

2017 मध्ये गूगलने मराठी आणि गुजरातीत बोलून टाइप करायची सोय आणली, आणि "आता कीबोर्ड कशाला?" असं विचारणारे वाढले. सेरेब्रल पाल्सीत किंवा पक्षाघातानंतर हाताबरोबर उच्चारही बिघडलेले असू शकतात, हे त्यांच्या गावी नसतं.

कायद्याचं सांगायचं तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल 2017 मध्ये लागू झाला. त्यानंतर 2018 मध्ये केंद्राने परीक्षांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिकाऐवजी कॉम्प्युटरवर उत्तरं लिहायची मुभा होती. तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ होता, म्हणजे एक तृतीयांश. वरच्या 41 सेकंदांशेजारी हा आकडा ठेवून बघा. स्वतःचा लॅपटॉप चालत नव्हता, पण जुळवून घेतलेला कीबोर्ड किंवा माउस नेता यायचा. आता ज्याचा कीबोर्ड स्क्रीनवर आहे त्याने काय न्यायचं? त्याचा कीबोर्ड म्हणजे एक फाइल, आणि ती इन्स्टॉल करायला केंद्रावरच्या मशीनचा ॲडमिन पासवर्ड लागतो. त्याच सूचनांत उमेदवाराला एक दिवस आधी मशीन तपासू द्यावं असंही म्हटलं होतं. फाइल पेनड्राइव्हवर आणि तिच्याबद्दलचा अर्ज आधीच केंद्राकडे दिलेला असेल, तर मांडणी बसवून घ्यायचा दिवस तोच.