सलाईनची बाटली जाते कुठे?

सोलापुरात पारा ४२-४३ वर गेला की दवाखान्यांत ठरलेली मागणी असते : "डॉक्टर, लई अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा." त्यात बी-कॉम्प्लेक्स टोचून बाटली पिवळी केली की पेशंट निम्मा तिथंच बरा! तो रंग रिबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचा, ताकदीचा नव्हे. बाटलीत बहुधा डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी असतं; अर्धा लिटर ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये साखर अवघी २५ ग्रॅम. ज्वारीची एक भाकरी याहून जास्त ऊर्जा देते.

शॉकमध्ये मात्र सलाईन जीव वाचवू शकते. शॉक म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त, पर्यायानं ऑक्सिजन न पोचणं. नाडी जलद आणि बारीक, लघवी कमी, माणूस बरळू लागतो. कारण जुलाब, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हार्ट अटॅक, काहीही असेल.

खरी गंमत आहे ती चढवलेलं पाणी थांबतं कुठे यात. डेक्स्ट्रोजमधली साखर पेशी वापरून टाकतात आणि उरतं नुसतं पाणी. त्यातलं दोन तृतीयांश पेशींच्या आत शिरतं, उरलेल्यातलं बरंचसं पेशींमधल्या फटींत जातं. रक्तात राहतं लिटरमागे जेमतेम ८० मिली! नॉर्मल सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. मिठातलं सोडियम पेशीत घुसलं तरी पेशीपटलावरचे पंप त्याला बाहेर काढतात, आणि पाणी सोडियमची पाठ सोडत नाही. त्यामुळे सगळं पेशींबाहेर राहतं आणि साधारण चौथा हिस्सा रक्तात टिकतो. रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या प्रकारच्या क्षारयुक्त सलाईनचा हिशेब जवळपास हाच. त्यात क्लोराइड कमी, म्हणून रक्त आम्लधर्मी होण्याची भीतीही कमी.

जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये हा हिशेबही कोलमडतो. केशवाहिन्या पाझरू लागतात आणि शिरा सैलावतात. शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश रक्त शिरांतच असतं. ते तिथंच साचलं तर हृदय ढकलणार काय? नुसत्या बाटल्या चढवत राहिलं तर फुप्फुसात पाणी होतं. इथं नॉरॲड्रेनालिन हे वाहिन्या आवळणारं औषध लागतं. ते वाहिन्यांच्या भिंतीतल्या अल्फा-१ ग्राहींना (औषधाचा संदेश घेणाऱ्या प्रथिनांना) चिकटतं, स्नायूपेशींत कॅल्शियम वाढतं, वाहिनी आवळते आणि साचलेलं रक्त हृदयाकडे परततं. सरासरी रक्तदाब (वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधला) ६५ मिमी पाऱ्याच्या वर राहील इतकंच ते सिरिंज पंपानं थेंबाथेंबानं देतात.

रक्तस्रावात शेवटी रक्तच द्यावं लागतं. हार्ट अटॅकच्या शॉकमध्ये जादा सलाईन जिवावर बेतू शकते. आणि ॲलर्जीच्या शॉकमध्ये, मग ती इंजेक्शनची असो की गांधीलमाशीच्या डंखाची, पहिलं औषध ॲड्रेनालिन : मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. सलाईन त्यानंतर.