घड्याळाची चाल आणि रेडियम

चावीचे किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे) मनगटी घड्याळ दिवसाकाठी किती सेकंद पुढे जाते वा मागे पडते, त्या हिशेबाला चाल म्हणतात. रेडियम म्हणजे काटे आणि तासांच्या खुणा यांवर दिलेला, अंधारात उजळणारा लेप. आजच्या लेपात रेडियम हे मूलद्रव्य नसते, पण बोलण्यात नाव तेच राहिले. नंबरप्लेटवर चमकती पट्टी चिकटवून देणाराही 'रेडियमवाला'च. नवे घड्याळ घेणारा दुकानात बहुधा याच दोन गोष्टी पाहतो : सेकंदकाटा मोबाइलशी जुळतो का, आणि डायलवर ओंजळ धरली की आत उजेड दिसतो का. पाहणे योग्यच, पण ते फार लवकर झाले. कमानीत, म्हणजे चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या स्प्रिंगमध्ये, भरलेला ताण आणि लेपात भरलेला उजेड हे दोन्ही साठे रात्रभर उतरत जातात. घड्याळाचा कस पहाटे लागतो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशच्या तीन जिल्ह्यांत पहाटे घड्याळ पाहणारे पुष्कळ आहेत. शेतीपंपाची थ्री फेज वीज कधी दिवसा तर कधी रात्री मिळते, आणि रात्रीची पाळी आली की रावेर-यावलकडचा केळी बागायतदार बॅटरी घेऊन विहिरीवर जातो. भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आणि मोठे जंक्शन. तिथून गाडी घेऊन निघालेल्या लोको पायलटला मोबाइल बंद ठेवावा लागतो. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात रात्रपाळी कधी चुकत नाही. अशा अंधारात कोणी अहिराणीत 'कितला वाजनात?' विचारले, तर मनगटावरूनच उत्तर देता यावे, एवढीच या घड्याळाकडून अपेक्षा असते.

चाल : यांत्रिक घड्याळात वेळेचे माप धरते ते बॅलन्स व्हील आणि त्याला जोडलेली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. कमान (मेन स्प्रिंग) फक्त जोर पुरवते. बॅलन्स एका बाजूला झुलते, हेअरस्प्रिंग त्याला परत ओढते, आणि प्रत्येक झोक्याला दातेचक्र एक पाऊल पुढे सुटते. तीच टिकटिक. १६७५ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने बॅलन्सला स्प्रिंग जोडलेले घड्याळ जाहीर केले, आणि खिशातल्या घड्याळाची चूक तासांच्या हिशेबातून मिनिटांत आली. एचएमटीच्या 'जनता'सारख्या चावीच्या घड्याळात तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४ लाख ३२ हजार. आजच्या बऱ्याच ऑटोमॅटिक घड्याळांत तासाला २१,६०० किंवा २८,८०० ठोके असतात. ठोके जास्त म्हणजे चाल आपोआप चांगली, असे मात्र नाही. मनगटाला बसणाऱ्या हिसक्यांतून जलद झुलणारे बॅलन्स लवकर सावरते, एवढाच त्याचा फायदा.

दिवसाचे सेकंद ८६,४००. दहा सेकंदांची चूक म्हणजे ८,६४० सेकंदांत एका सेकंदाची. एका इवल्याशा स्प्रिंगने इतके साधावे ही मोठीच गोष्ट आहे, आणि नवे घड्याळ दिवसाला आठ सेकंद पुढे जाते म्हणून खट्टू होणाऱ्याने हा भागाकार एकदा करून पाहावा. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था क्रोनोमीटरचे, म्हणजे कसोटीला उतरलेल्या अचूक घड्याळाचे, प्रमाणपत्र देते तेव्हा यंत्र १५ दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस तापमानांत तपासते. सरासरी चाल दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे या हद्दीत असावी लागते. सामान्य किमतीच्या घड्याळाची हद्द खूप सैल असते. सेइकोच्या ४आर३६ या लोकप्रिय यंत्राला कंपनी ३५ सेकंद मागे ते ४५ सेकंद पुढे एवढी मोकळीक देते, तीही ५ ते ३५ अंशांतच. प्रत्यक्षात बरीच घड्याळे त्याहून चांगली चालतात, पण तक्रार करायची तर हाच आकडा धरून करावी लागते. सेलच्या साध्या घड्याळाची चूक महिन्याला १५ सेकंदांच्या आसपास असते. त्या बाबतीत यांत्रिक घड्याळ त्याच्या जवळपासही जात नाही, आणि तशी तुलना करू नये.

चालीत आकड्यापेक्षा सातत्य मोलाचे. रोज १२ सेकंद पुढे जाणारे घड्याळ चांगले आहे, कारण यंत्रावरची नियामक कळ केसभर सरकवली की ते ठिकाणावर येते. आज १५ पुढे, उद्या १० मागे, परवा पुन्हा २० पुढे, अशा घड्याळाची कळ कुठे सरकवायची? त्याची सरासरी शून्याच्या जवळ आली तरी ते अचूक म्हणता येत नाही. कागदावर ते सरस दिसते आणि मनगटावर दगा देते. म्हणून नव्या घड्याळाची नोंद निदान दोन आठवडे ठेवावी : रोज एकाच वेळी, एकाच घड्याळाशी ताडून, मधे काटे न हलवता. मोबाइलवरची वेळ त्यासाठी पुरेशी आहे. पूर्वी हेच काम आकाशवाणीच्या बातम्यांआधीची बीप करत असे. सूर्यावरून वेळ लावायची तर खानदेशात फसगत होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि जळगाव सुमारे ७५.५ अंशांवर, एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने जळगावचा मध्यान्ह सरासरीने बाराच्या पुढे अठ्ठावीस मिनिटांनी होतो, नंदुरबारचा आणखी पाचेक मिनिटांनी.

चाल बिघडवणाऱ्या गोष्टी चार-पाचच आहेत. पहिली स्थिती. डायल वर करून ठेवलेल्या घड्याळात बॅलन्सची धुरी एका टोकावर फिरते आणि घर्षण कमी लागते. उभ्या घड्याळात धुरीच्या दोन्ही टोकांच्या कडा घासतात, झोका लहान होतो. पूर्ण चावी दिलेल्या चांगल्या घड्याळात आडव्या स्थितीत हा झोका साधारण २७० ते ३१० अंशांचा असतो. याचा उपयोगही करून घेता येतो. दिवसा पाच सेकंद पुढे गेलेले घड्याळ रात्री किल्लीची बाजू वर करून ठेवल्यावर सकाळी ठिकाणावर आले, असे अनेकांना आढळते. कोणत्या कुशीवर ते किती सावकाश चालते, हे ज्याने त्याने आपल्या घड्याळापुरते शोधावे. दुसरी गोष्ट कमानीचा उतार. बहुतेक मनगटी घड्याळे पूर्ण चावीवर चाळीसेक तास चालतात, पण शेवटच्या तासांत जोर कमी पडतो आणि चाल ढळते. चावी रोज सकाळी ठरल्या वेळी द्यावी, या वडीलधाऱ्यांच्या शिस्तीमागे हेच कारण आहे.

चुंबकत्वाने चाल बिघडते तेव्हा बिचाऱ्या घड्याळजीला उगाच बोल लागतो. मोबाइलचा स्पीकर, पाकिटाच्या कव्हरचे चुंबकी बटण, साउंड बॉक्स यांच्या अगदी जवळ घड्याळ ठेवले, तर हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकींना चिकटू लागतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे धावते. कालपर्यंत ठीक असलेले घड्याळ एकाएकी असे सुसाट सुटले की आधी चुंबकत्व उतरवून पाहावे. काम मिनिटाभराचे आहे.

खानदेशात सगळ्यांत महत्त्वाचे कारण ऊन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो, म्हणजे क्रोनोमीटरच्या कसोटीतल्या सर्वांत उष्ण टप्प्याच्याही बराच पुढे. साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग उष्णतेने सैल पडते आणि एका अंशामागे घड्याळ दिवसाला सुमारे ११ सेकंद मागे जाते. २३ अंशांना लावलेले तसे घड्याळ ४५ अंशांत दिवसाला चार मिनिटे मागे पडले असते. हे दुखणे शार्ल एदुआर गियोमने सोडवले. त्याने निकेल-पोलादाचे इन्व्हार आणि पुढे एलिन्व्हार हे मिश्रधातू शोधले. एलिन्व्हारची लवचिकता उष्णतेने जवळजवळ बदलत नाही. १९२० चे भौतिकीचे नोबेल त्याला निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरील कामासाठी मिळाले. आजच्या हेअरस्प्रिंगा त्याच वंशातल्या आहेत. क्रोनोमीटरच्या मानकात एका अंशामागे ०.६ सेकंदापर्यंतच फरक चालतो. २२ अंशांच्या फरकाला तो तेरा सेकंद होतो. शिवाय मनगटावरचे घड्याळ शरीराच्या उबेत राहते, त्यामुळे हवेतला चढउतार त्याला पूर्ण जाणवत नाही. खरा मार बसतो तो उन्हात उभ्या ट्रॅक्टरवर किंवा मोटारीच्या काचेमागे विसरलेल्या घड्याळाला. तिथे वंगण पातळ होऊन जागा सोडते, आणि थंडावल्यावर ते परत जागेवर येत नाही. त्याला सर्व्हिसिंगच लागते.

रेडियम : मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियम शोधले. पुढे ते झिंक सल्फाइडमध्ये मिसळून घड्याळांच्या डायलांवर दिले जाऊ लागले. रेडियमच्या किरणांनी झिंक सल्फाइड सतत चमकत राही, त्याला दिवसा उजेड दाखवावा लागत नसे. या सोयीची किंमत अमेरिकेतल्या डायल रंगवणाऱ्या मुलींनी मोजली. कुंचल्याचे टोक ओठांत धरून बारीक करायला त्यांना शिकवले होते. रेडियम पोटात गेले, हाडांत बसले, जबडे सडले, काहींचा जीव गेला. न्यू जर्सीतल्या पाच जणींचा दावा १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. कामगारांच्या आरोग्याच्या कायद्यांत या मुलींचे ऋण मोठे आहे, आणि घड्याळाच्या कोणत्याही नोंदीत त्यांचा उल्लेख असायलाच हवा.

रेडियमनंतर ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सर्गी रूप, आले. त्याचे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) १२.३ वर्षे, त्यामुळे पंचवीस वर्षांत उजेड पाव राहतो. आजचा लेप या दोन्हींहून वेगळा आहे. १९९३ मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने युरोपियम व डिस्प्रोसियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा 'ल्युमिनोव्हा' आणला. स्विस घड्याळांतला 'सुपर-ल्युमिनोव्हा' त्याच घराण्यातला. यात किरणोत्सर्ग नाही. प्रकाश पडला की ऊर्जा स्फटिकात अडकते आणि अंधारात हळूहळू प्रकाश होऊन सुटते. घड्याळ हजारदा भरले आणि रिकामे झाले तरी लेप झिजत नाही, मात्र ओलावा त्याला सोसत नाही. काचेच्या आत दमट हवा शिरली तर लेप आणि यंत्र दोन्ही धोक्यात येतात.

दुकानात दिसणारी पहिली झगमग फसवी असते. तेज पहिल्या काही मिनिटांत झपाट्याने उतरते आणि मग एक मंद शेपूट तासन्‌तास टिकते. ती किती लांब, हे लेपाच्या जाडीवर ठरते. कागदासारखा पातळ छापलेला लेप सुरुवातीला कितीही हिरवागार दिसला तरी मध्यरात्रीपर्यंत विझतो. काट्यांच्या खोबणीत आणि खुणांवर जाडसर भरलेला लेप पहाटेही वाचता येतो. डोळ्याचाही यात वाटा आहे. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, आणि सरावलेल्या डोळ्याला निळसर-हिरवा प्रकाश सर्वांत लवकर कळतो. म्हणून झोपेतून उठलेल्या माणसाला जे काटे स्पष्ट दिसतात, तेच नुकत्याच बॅटरी विझवलेल्या माणसाला दिसत नाहीत.

लेप भरायला खानदेशचे ऊन भरपूर आहे. काही मिनिटांत तो तुडुंब होतो आणि त्यापुढे ऊन दाखवून काही मिळत नाही. अडचण वेगळीच येते. उन्हापासून जपायला माणूस पूर्ण बाहीचा शर्ट घालतो, घड्याळ दिवसभर बाहीखाली राहते आणि संध्याकाळी लेप उपाशीच असतो. त्यात ही ऊर्जा उष्णतेने लवकर सुटते, म्हणून उकाड्याच्या रात्री साठा थोडा आधी संपतो. निजण्याआधी घड्याळ काही मिनिटे ट्यूबलाइटखाली किंवा बॅटरीच्या झोतात धरावे, पहाटेपर्यंतची सोय होते.

घरातल्या जुन्या घड्याळाचे रेडियम करपट, तपकिरी झालेले आणि अंधारात मुळीच न चमकणारे असेल, तर तो लेप खऱ्या रेडियमचा असू शकतो. चमक गेली ती झिंक सल्फाइड थकल्यामुळे. रेडियमचे अर्धायुष्य १,६०० वर्षांचे, ते तसेच बसून असते. असे घड्याळ घरी उघडू नये, डायल खरवडू नये, फुंकर मारून साफ करू नये. दुरुस्तीला दिलेच तर उघडण्याआधी घड्याळजीला तसे सांगावे, कारण डोळ्याला भिंग लावून तो त्या धुळीवर अगदी जवळून वाकणार असतो.