डब्यातला हिंग आणि परदेशातला गहू

परदेशी निघालेल्या नाशिककरांच्या बॅगेत मेतकूट, चिवडा, थालीपिठाची भाजणी आणि हिंगाची डबी असतेच. घरात कुणाला गव्हाची तीव्र ॲलर्जी असेल, तर सगळ्यात आधी याच पुड्यांमागची बारीक अक्षरं वाचायला हवीत. बाजारातला पूड हिंग निव्वळ हिंग नसतो. हिंगाचा चीक उग्र आणि चिकट असतो, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून पूड करतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर थोडे गहू भाजून घालायची पद्धत आहे. भाजणीतही बऱ्याच घरी गहू पडतात. चिवड्याच्या फोडणीत हिंग असतोच.

चिमूटभर हिंगाने काय होतं, याचा हिशेब करू. चिमूट म्हणजे साधारण पाव ग्रॅम. त्यात निम्मं गव्हाचं पीठ धरलं तर सव्वाशे मिलिग्रॅम पीठ झालं. पिठात १० ते १२ टक्के प्रथिनं असतात, म्हणजे आमटीच्या पातेल्यात १२ ते १५ मिलिग्रॅम प्रथिन गेलं. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञगटाने गव्हासाठी संदर्भ मात्रा मानली आहे ५ मिलिग्रॅम प्रथिन. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांना एवढ्याने उघड लक्षणं येत नाहीत. उरलेल्या पाचांत आपण आहोत का, हे आधी सांगता येत नाही. पातेल्यातली आमटी चौघांनी खाल्ली तर प्रत्येकी तीनेक मिलिग्रॅम, एकट्याने दोन-तीन वाट्या खाल्ल्या तर पाचाच्या वर. खडा हिंग किंवा तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग शोधावा, नाहीतर त्या प्रवासापुरता हिंग विसरावा.

इथेच एक घोळ निस्तरायला हवा. गव्हाची ॲलर्जी आणि सीलिॲक हे दोन वेगळे आजार आहेत. सीलिॲकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि नुकसान हळूहळू होत जातं. ॲलर्जीत आयजीई नावाची प्रतिपिंडं काही मिनिटांपासून दोनेक तासांत गोंधळ घालतात: अंगावर पित्त, ओठांना सूज, उलट्या, धाप, रक्तदाब कोसळणं. शिवाय ॲलर्जी ग्लुटेनखेरीज गव्हातल्या इतर प्रथिनांचीही असू शकते. म्हणून ‘ग्लुटेन-फ्री’ हा शिक्का गव्हाच्या ॲलर्जीवाल्यांसाठी पुरेसा नाही. युरोपात ग्लुटेन-फ्री पावात धुऊन काढलेला गव्हाचा स्टार्च चालतो, फक्त किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमच्या आत हवं. असा पाव २५० ग्रॅम खाल्ला तर तेवढ्यातच ५ मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जाऊ शकतं. विमानात मागितलेल्या ‘ग्लुटेन-फ्री’ जेवणाचीही हीच अडचण. फळांचं जेवण सांगावं आणि पोटभरीचं आपल्या पिशवीत ठेवावं.

गव्हाची नावं हा दुसरा सापळा. आपल्याकडे ‘खपली चालतो’ असं सर्रास ऐकू येतं. खपली हा गहूच आहे. इटलीत ‘फार्रो’ म्हणून सूपमध्ये घालतात तो बहुतेक वेळा हाच खपली. जर्मनीतला ‘डिंकेल’ आणि फ्रान्समधला ‘एपोत्र’ हाही गव्हाचाच भाऊबंद. कुसकुस म्हणजे रवा, बुलगुर म्हणजे उकडून वाळवलेला दलिया. उलट इटलीतला ‘ग्रानो साराचेनो’ नावात ग्रानो, म्हणजे गहू, असूनही गहू नाही, तो कुट्टू. गव्हाला जर्मनीत ‘वाइत्सेन’, फ्रेंचमध्ये ‘ब्ले’, स्पॅनिशमध्ये ‘त्रिगो’, जपानीत ‘कोमुगी’ म्हणतात. थायलंडमध्ये विशेष जपावं. तिथे गव्हाला ‘खाओ साली’ म्हणतात आणि नुसतं ‘खाओ’ म्हणजे भात. आपल्या उच्चारात ‘साली’ नीट ऐकू गेलं नाही, तर भात नको म्हणतायत असाच समोरच्याचा समज व्हायचा. तोंडी न सांगता त्या देशाच्या लिपीत लिहिलेलं कार्डच दाखवावं.

शाकाहारी माणसाला सगळ्यात मोठा धोका शाकाहारी हॉटेलातच असतो, हे पटायला जड जातं. चीन, तैवान, व्हिएतनाम, थायलंडमधल्या बौद्ध शाकाहारी खानावळींत मिळणारं ‘मॉक मीट’ पुष्कळदा गव्हाची कणीक पाण्यात धुऊन उरलेलं ग्लुटेन असतं. म्हणजे ज्याची ॲलर्जी, त्याचाच गोळा ताटात. तीच गोष्ट सोया सॉसची. जपानी पद्धतीच्या नेहमीच्या सोया सॉसमध्ये सोयाबीन आणि गहू जवळपास समसमान असतात. आंबवताना प्रथिनं बरीच तुटतात हे खरं, पण तीव्र ॲलर्जी असताना त्या भरवशावर राहू नये. ‘तामारी’ बहुधा गव्हाविना करतात, तरी बाटली वाचावी. सोबा शेवया कुट्टूच्या म्हणून ओळखल्या जातात, पण चिवटपणासाठी त्यात गव्हाचं पीठ घालतात.

छापील वेष्टनाबाबत कायदा बऱ्यापैकी आपल्या बाजूने आहे. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून घटकांच्या यादीत गहू ठळक छापावा लागतो, आणि हॉटेलातल्या सुट्या पदार्थांची माहितीही मागितल्यावर द्यावी लागते. अमेरिकेत २००६ पासून पॅकबंद पदार्थावर गव्हाचा उल्लेख सक्तीचा आहे. जपानातही गहू सक्तीच्या यादीत आहे, मात्र तिथल्या हॉटेलांना ते बंधन नाही. ‘गव्हाचा अंश असू शकतो’ ही ओळ मात्र युरोप-अमेरिकेत ऐच्छिक आहे. ती नाही म्हणून डबा निर्धोक ठरत नाही.

हॉटेलात ‘यात गहू आहे का?’ हा प्रश्न कुचकामी ठरतो. वाढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पोळी किंवा पाव येतो आणि तो मनापासून ‘नाही’ म्हणतो. त्याऐवजी रस्सा कशाने दाट केला, तळण्याच्या तेलात आणखी काय तळलं, मसाला तयार पाकिटातला आहे का, तवा कुठला, हे विचारावं. दोसा तांदूळ-उडदाचा असतो, पण त्याच तव्यावर आधीचा रवा दोसा निघालेला असतो. बटाट्याच्या काचऱ्या समोशाच्या तेलात तळलेल्या असतात. तळणाच्या उष्णतेने गव्हाची प्रथिनं निर्धोक होत नाहीत. कार्डावर नुसतं ‘ॲलर्जी आहे’ न लिहिता ‘गव्हाचा कण गेला तरी श्वास बंद पडू शकतो’ असं लिहावं. खाली मैदा, रवा, ब्रेडचा चुरा, सोया सॉस, ग्लुटेन यांची नावं, आणि ‘धुतलेलं भांडं, नवं तेल वापराल का?’ हा प्रश्न. कार्ड स्वयंपाक्यापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून गर्दी व्हायच्या आत जावं. समोरचा गोंधळला किंवा नुसता हसून मान हलवू लागला, तर तिथे जेवू नये. अशा वेळी सालासकट उकडलेला बटाटा, उकडलेलं अंडं आणि फळं एवढ्यावर भागवणं शहाणपणाचं.

निम्मी जेवणं आपल्या हातची ठेवता आली तर जोखीम पुष्कळच उतरते. भगर यासाठी उत्तम: वजनाला हलकी आणि दहा-पंधरा मिनिटांत शिजणारी. नागलीचं पीठही टिकतं. पण ते कॉलनीतल्या गिरणीतून आणू नका. त्या जात्यात दिवसभर गहूच दळला जातो. ‘आधीचं पीठ झाडून घेतलं’ म्हटलं तरी पाळूच्या खाचांत आणि कापडी नळीत ते उरतंच. ज्या घरघंटीत गहू कधीच पडलेला नाही तिच्यातच दळावं. भात शिजवायला इथला विजेचा छोटा कुकर नेणार असाल तर एक गणित करा. २३० व्होल्टची तापकुंडली जपानच्या १०० व्होल्टवर लावली तर उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि जेमतेम १९ टक्के उरते. तांदूळ कोमट पाण्यात भिजत राहतात. तिथलाच कुकर विकत घ्यावा. भाड्याच्या घरातला लाकडी उलथणा, खरवडलेला नॉनस्टिक तवा आणि टोस्टर यांना हात लावू नये.

गव्हाच्या ॲलर्जीचा एक प्रकार तर घरी लक्षातही येत नाही. ओमेगा-५ ग्लायडिन या प्रथिनाची ॲलर्जी असलेला माणूस रोज पोळी खातो आणि त्याला काही होत नाही. पण पोळी खाऊन तासा-दोन तासांत भरभर चढ चढला तर तो कोसळू शकतो. श्रम, ॲस्पिरिनसारखी वेदनाशामकं आणि दारू यांमुळे प्रतिक्रियेचा उंबरठा खाली येतो. परदेशी फिरताना हे तिन्ही एकाच दिवशी जमून येतात. नाश्ता करून डोंगर चढताना कधीतरी अंगावर पित्त उठलं असेल, तर निघण्यापूर्वी ॲलर्जीतज्ज्ञाला ते सांगाच.

आता ॲड्रेनॅलिन. गंभीर प्रतिक्रियेत पहिलं औषध हेच. सेट्रिझिन खाज कमी करते, श्वासनलिका उघडत नाही. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५, मुलांना ०.३. टोचायचं मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. कपड्यावरून टोचलं तरी चालतं. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस, म्हणून दोन तरी जवळ हवेत. तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. डॉक्टर बहुधा १ मिलिलिटरची अँप्यूल आणि सिरिंज देतात. मात्रा त्यांच्याकडून रेषेनिशी लिहून घ्यावी. हे औषध उष्णतेने आणि उजेडाने खराब होतं. मुंबई विमानतळाकडे जाताना गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवू नका, फ्रीजमध्येही नको. चेक-इन बॅगेत तर नकोच. डॉक्टरांच्या पत्रासह हातातल्या पिशवीत ठेवा. द्रव तपकिरी दिसला तर बदलून घ्या. टोचल्यावर रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवावे. धाप असेल तर पाय लांब करून बसू द्यावं, पण उभं करू नये, चालवत नेऊ नये. एकाएकी उठण्याने हृदयाकडे येणारं रक्त आटतं आणि जीव जाऊ शकतो. बरं वाटलं तरी दवाखान्यात जावं, कारण काही तासांनी प्रतिक्रिया पुन्हा उसळू शकते. रुग्णवाहिकेसाठी युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, जपानात ११९, थायलंडमध्ये १६६९ हे क्रमांक कार्डाच्या मागे लिहावेत.

मुदत संपलेली अँप्यूल टाकून देऊ नका. तिची मान मोडून ठरलेल्या रेषेपर्यंत औषध ओढायचं आणि मोसंब्यात टोचायचं, असा सराव बरोबर येणाऱ्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी दोनदा तरी करावा. थरथरत्या हातांनी काच फोडायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघा.