ताज्या रंगाचे बफिंग

मोटारीला नवा रंग मारल्यावर त्याचा वरचा थर किंचित घासून सपाट करण्याचे आणि त्यावर एकही चरा दिसणार नाही अशी चकाकी आणण्याचे काम. गॅरेजमध्ये याला 'रबिंग-पॉलिश' म्हणतात. 1920च्या दशकात आलेल्या ड्युकोसारख्या नायट्रोसेल्युलोज रंगांना घासल्याशिवाय चकाकी येतच नसे. आजचा हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) मिसळलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, स्प्रे गनमधूनच चमकदार उतरतो. तरीही त्यात धुळीचे कण अडकतात, ओघळ येतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा राहतो, म्हणून बफिंग करावे लागते.

क्लिअर कोट साधारण 40 ते 60 मायक्रॉन जाडीचा असतो. घासून काढलेला थर परत येत नाही आणि उन्हापासून रंगाचे रक्षण हाच थर करतो. त्यामुळे कमीत कमी घासून काम साधणारा कारागीर खरा जाणकार समजावा.

वेळ साधणे सर्वांत अवघड. रंगकामाच्या बंद खोलीत, म्हणजे बूथमध्ये, 60 अंश सेल्सिअसला सुमारे अर्धा तास भाजलेला रंग थंड झाल्यावर घासता येतो. उघड्यावर वाळलेल्याला निदान एक रात्र, थंडीत त्याहून जास्त वेळ लागतो. थिनर (रंग पातळ करणारे द्रावण) आत असतानाच घाई केली, तर पुढे थर आकसतो, चकाकी मंदावते आणि पेपरचे चरे पुन्हा वर येतात. फार दिवस थांबले, तर थर कडक होऊन मेहनत वाढते.

आधी पाणी-पेपर, म्हणजे पाण्यासोबत वापरायचा घासकागद, मारतात: ठोकळ्यावर 1500, मग 2000, मग 3000 नंबर (नंबर मोठा तितका पेपर बारीक). प्रत्येक पेपरने आधीच्या पेपरचे चरे पूर्ण काढायचे असतात. क्लिअर घासला जात असताना पाणी दुधाळ होते. त्यात गाडीचा रंग उतरू लागला, तर क्लिअर संपला असे समजून तिथेच थांबावे. कडांवर आणि बॉडीच्या घडींवर थर पातळ असतो, म्हणून तिथे आधीच मास्किंग टेप लावतात.

नंतर लोकरी पॅडवर कंपाउंड (घासणारी पेस्ट) घेऊन रोटरी मशीन, म्हणजे एकाच अक्षाभोवती फिरणारे मशीन, चालवतात. मशीन एका जागी थांबले की रंग तापून जळतो, म्हणून हात सतत फिरता हवा. रोटरी मागे ढगाळ पट्टे सोडते. ते घालवायला फोमच्या पॅडवर बारीक पॉलिश घेऊन ड्युअल ॲक्शन मशीन फिरवतात. त्याचे पॅड स्वतःभोवती आणि शिवाय छोट्या वर्तुळातही फिरत असल्याने एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा घासले जात नाही.

रंगावर उन्हाच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जी वर्तुळे दिसतात, ती मुळात सर्व दिशांना गेलेल्या बारीक चऱ्यांची असतात. प्रकाशाला आडवे येणारे चरेच चमकतात, म्हणून ती गोल भासतात. काळ्या गाडीवर ती जास्त उठून दिसतात. धुळीच्या गाडीवर सुका फडका मारला की ती पुन्हा तयार होतात. पॉलिशमधले तेल हे चरे तात्पुरते भरून झाकते आणि दोन-तीन धुण्यांनंतर ते उघडे पडतात. म्हणून गाडी ताब्यात देण्यापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून एलईडीच्या प्रखर प्रकाशात तपासणे आवश्यक आहे. ही तपासणी टाळणे म्हणजे ग्राहकाची फसवणूकच होय.

उरलेला थिनर हळूहळू बाहेर पडत राहतो, त्यामुळे नव्या रंगावर वॅक्स लावण्यापूर्वी सहसा 30 ते 90 दिवस थांबायला सांगतात. तोवर गाडी भरपूर पाणी आणि सौम्य शाम्पूने धुवावी.