सुटकेनंतरचे चौदा दिवस

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ या काळात तुरुंगातून सुटलेल्या ३०,२३७ जणांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका राज्यातल्या इतरांच्या १२.७ पट होता. नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका तर १२९ पट.

याचं मोठं कारण शरीरातच आहे. हेरॉइन, फेंटानिल अशा अफूच्या जातीच्या नशेची रोजची सवय असली की श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्रही त्या मात्रेला सरावतं. तुरुंगात काही महिने नशा सुटली की हा सराव जातो, ओढ मात्र उरते. बाहेर आल्यावर माणूस जुनीच मात्रा घेतो आणि श्वास थांबतो. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही या व्यसनावरची औषधं नियमित चालू असतील तर हा धोका बराच घटतो. मध्ये खंड पडला की संरक्षणही गेलं.

खंड पडतो तो अनेकदा औषधाच्या दुकानात, विमा चालू नसल्यामुळे. गरिबांसाठीची सरकारी विमा योजना म्हणजे मेडिकेड. १९६५ साली ती सुरू झाली तेव्हापासून कैद्यांच्या उपचारांना तिचा केंद्रीय पैसा चालत नाही. मूळ नियमात अपवाद फक्त बाहेरच्या रुग्णालयात २४ तासांहून जास्त दाखल राहण्याचा. म्हणून अनेक राज्यं माणूस आत गेला की त्याचं नावच काढून टाकत. सुटल्यावर पुन्हा अर्ज, आणि त्याच्या निकालासाठी कार्यालयाला सहसा ४५ दिवसांची मुभा. धोका चौदा दिवसांचा, मुदत पंचेचाळीसची! मंजुरीनंतर मागची बिलं भरून मिळू शकतात, पण दुकानदाराला पैसे आज हवे असतात.

उपाय साधा आहे: नाव काढायचं नाही, नुसतं स्थगित ठेवायचं. २०२४ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून राज्यांवर तसं बंधन आलं. त्याआधी, जानेवारी २०२३ मध्ये, कॅलिफोर्नियाला सुटकेच्या आधीच्या ९० दिवसांत काही सेवा मेडिकेडमधून देण्याची परवानगी मिळाली. असं करणारं ते पहिलं राज्य. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने अशी परवानगी मागणाऱ्या इतर राज्यांसाठी किमान तीन गोष्टी ठरवल्या: पाठपुरावा करणारी व्यक्ती, व्यसनावरचं औषध, आणि सुटताना ३० दिवसांची औषधं. ही औषधं हातात पडायला हवीत. नुसती चिठ्ठी दिली तर गाडी पुन्हा त्याच दुकानाशी अडते.

शिक्षा भोगणाऱ्याची सुटकेची तारीख आधी ठाऊक असते, त्यामुळे तिथे ९० दिवस मागे मोजता येतात. स्थानिक जेलमधला कच्चा कैदी जामीन झाला की त्याच दिवशी, कधी रात्रीही, बाहेर पडतो. त्याचे ९० दिवस कुठून मोजायचे? शिवाय जेलच्या संगणकाने सुटकेची खबर मेडिकेडला दिली नाही तर दुकानाच्या पडद्यावर ‘स्थगित’च दिसत राहतं. अशा वेळी सुटकेचा कागद हाताशी ठेवून तिथूनच राज्याच्या मेडिकेड कार्यालयाला फोन लावणं हा त्यातल्या त्यात जवळचा रस्ता. विमा चालू आहे पण औषधाला विम्याची पूर्वपरवानगी लागते, असं असेल तर तातडीच्या गरजेत किमान ७२ तासांचं औषध देण्याची तरतूद केंद्रीय कायद्यातच आहे. काउंटरवर ती आपणहून कुणी सांगेलच असं नाही, मागावी लागते.

टेक्सासमध्ये बहुतेकांना हा सगळा खटाटोपच लागू होत नाही. तिथे मेडिकेडचा विस्तार, म्हणजे सगळ्याच गरीब प्रौढांना तिच्यात घेणं, झालेला नाही. मूल नसलेला, अपंगत्व नसलेला प्रौढ कितीही गरीब असला तरी सहसा पात्र ठरत नाही. कमाई निदान केंद्राच्या दारिद्र्यरेषेइतकी असेल तर सुटल्यापासून ६० दिवसांत अनुदानित खाजगी विमा घेता येतो. त्याहून कमी असेल तर त्यावरचं अनुदानही सहसा मिळत नाही.